उभ्या मास्टच्या लिफ्टमधील घासपट्ट्या नव्या बसवल्या, पण पावसाळ्यात मास्ट अडकू लागला

रंगमंच_देखभाल

नमस्कार. कोकणातील एका नाट्यगृहाच्या देखभालीचे काम माझ्याकडे आहे. रंगमंचावरचे दिवे बदलण्यासाठी आणि त्यांचा रोख लावण्यासाठी आमच्याकडे एका माणसापुरती, ढकलत नेण्याची, ॲल्युमिनियमच्या मास्टची, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या टप्प्यांच्या उभ्या खांबाची लिफ्ट आहे. मास्टला पाच टप्पे आहेत, सगळ्यांत पुढच्या टप्प्याला मंच जोडलेला आहे, पहिला टप्पा हायड्रॉलिक सिलिंडर उचलतो आणि त्यापुढचे टप्पे साखळ्यांवर चढतात. पूर्ण वर गेल्यावर मंच जमिनीपासून साधारण साडेसहा मीटरवर असतो. यंत्र पंधरा वर्षे जुने आहे आणि निर्मात्याकडे या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत.

प्रत्येक टप्प्याच्या खाचेत प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्यावरून पुढचा टप्पा सरकतो. या पट्ट्या झिजल्यामुळे गेल्या वर्षभरात मास्ट फार डोलू लागला होता. वर उभा असलेला वायरमन दिव्याचा स्क्रू पिळू लागला की रेलिंग दोन्ही बाजूंना मिळून सहा-सात सेंटीमीटर हलत असे. मे महिन्यात नाट्यगृह रंगकामासाठी बंद होते, तेव्हा मी सर्व पट्ट्या काढून गावातील एका टर्नरकडून पांढऱ्या नायलॉनच्या नव्या पट्ट्या करून घेतल्या. डोलण्याचा धसका घेतल्यामुळे फटीत कागदसुद्धा शिरता कामा नये, असे मीच त्यांना बजावले होते. त्यांनी तसेच करून दिले आणि मे महिन्यात मास्ट इतका सुरेख चालला की मी स्वतःवरच खूश होतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका प्रयोगाच्या तयारीच्या वेळी मंच खाली येत असताना अर्ध्यावर थांबला. वायरमनने बटण सोडून पुन्हा दाबले, दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही, आणि मग मंच एकदम वीतभर खाली बसला. त्याने रेलिंग धरलेले असल्यामुळे इजा झाली नाही, परंतु त्या दिवसापासून लिफ्ट बंद ठेवून तिची किल्ली मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. रिकामा मंच वर-खाली करून पाहिला, तर तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या सांध्यात तो दर वेळी थबकतो.

याच पट्ट्या पॉलिश पेपरने थोड्या घासून मोकळ्या केल्या तर भागेल का, की मुळात पदार्थच चुकला आहे? फट किती ठेवावी? ग्रीस लावावे की नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

जुना_फिटर_चाकण

लिफ्ट बंद ठेवून किल्ली खणात टाकलीत हे उत्तम केले. आता बॅटरीची वायरही काढून ठेवा, कारण अशा यंत्राची दुसरी किल्ली कोणाच्या तरी खिशात असतेच. रिकामा मंच वर-खाली करून पाहण्याचा प्रयोगही पुन्हा करू नका.

आपल्याकडे जे घडले ते डोलण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे. ही यंत्रे वजनाने खाली येतात. पंप फक्त वर चढवतो, उतरताना झडप उघडते आणि मंच, माणूस व टप्पे यांचे वजन तेलाला टाकीत परत ढकलते. मधला एखादा टप्पा खाचेत आवळला गेला की खालचा भाग उतरत राहतो, वरचा भाग मात्र पट्टीच्या घर्षणावर लटकून राहतो आणि साखळी सैल पडते. पकड सुटली की साखळीत जेवढी ढील साठली असेल तेवढे अंतर वरचा भाग एका झटक्यात खाली येतो. आपली वीत म्हणजे ती ढील होती. आपत्कालीन उतरण्याची झडपही अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण तीसुद्धा केवळ तेलच सोडते.

आता डोलण्याचा हिशेब करू, म्हणजे फट किती ठेवायची ते कळेल. पूर्ण उघडलेल्या अवस्थेत दोन टप्पे एकमेकांत साधारण ४०० मि.मी. अडकून राहतात असे धरू. एका सांध्यात एकूण १ मि.मी. मोकळीक असेल, तर तो सांधा ४०० ला १ या प्रमाणात कलतो. पाच टप्प्यांचे चार सांधे होतात, आणि आपल्या उंचीच्या लिफ्टमध्ये त्या सांध्यांपासून रेलिंगपर्यंतची अंतरे खालून वर अंदाजे ५.८, ४.२, २.७ आणि १.१ मीटर भरतात. त्यांची बेरीज सुमारे १४ मीटर, आणि तिला ४०० ने भागले की ३५ मि.मी. येतात. म्हणजे एका बाजूला ३५ आणि दोन्हीकडे मिळून ७० मि.मी. आपण सांगितलेला आकडा हाच आहे! प्रत्येक सांध्यातील मोकळीक जेमतेम १ मि.मी. झाली होती, एवढेच त्यातून कळते. तीच ०.३ मि.मी. ठेवली असती, तर रेलिंग एका बाजूला सुमारे १० मि.मी. हलले असते आणि तेवढे वर उभ्या असलेल्या माणसाला जाणवते, पण घाबरवत नाही. शून्य डोलण्याचा हट्ट धरलात, तिथे गाडी रुळावरून घसरली.

पदार्थाबद्दल सांगायचे तर बाजारात कोणतीही पांढरी प्लास्टिकची पट्टी ‘नायलॉन’ या नावाने विकली जाते. त्यामुळे आधी आपल्याकडे नेमके काय आहे ते पाहा. जुन्या आणि नव्या पट्टीचा एकेक तुकडा बादलीभर पाण्यात टाका. नायलॉनची घनता सुमारे १.१५ असल्यामुळे ते बुडते. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन, ज्याला कारखान्यात यूएचएमडब्ल्यू म्हणतात, ते ०.९३ ते ०.९४ चे असल्यामुळे तरंगते. बुडालेला तुकडा नंतर मिठाच्या संपृक्त पाण्यात टाका, म्हणजे खडे मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात. त्याची घनता १.२ च्या आसपास जाते, त्यात नायलॉन वर येते आणि ॲसिटल, म्हणजे डेलरिन, १.४१ चे असल्यामुळे तळाशीच राहते. साधे एचडीपीई, म्हणजे उच्च घनतेचे पॉलिइथिलीनसुद्धा पाण्यावर तरंगते, तेव्हा तरंगले म्हणजे यूएचएमडब्ल्यूच, असे समजू नका. त्यासाठी नखाएवढा कपचा चिमट्यात धरून, उघड्या हवेत, ज्योतीजवळ न्या. एचडीपीई वितळून ओघळते, तर यूएचएमडब्ल्यू अर्धपारदर्शक होऊन रबरासारखे लिबलिबीत होते, पण त्याचा थेंब पडत नाही.

जुनी पट्टी तरंगली आणि नवी बुडाली, तर पावसाळ्यात काय झाले ते वेगळे सांगायला नको. नायलॉन हवेतील ओल पिते. पाण्यात पूर्ण भिजले तर कास्ट नायलॉन आपल्या वजनाच्या सहा-सात टक्के पाणी घेते, आणि दर टक्का पाण्यामागे त्याचे माप साधारण ०.२ ते ०.३ टक्के वाढते. कोकणातील जुलैच्या हवेत ते पूर्ण भिजत नसले, तरी मापात एक टक्क्याच्या आसपास वाढ धरून चालावे. यूएचएमडब्ल्यू जवळजवळ पाणी घेतच नाही.

प्लास्टिक_टर्नर

वरील स्पष्टीकरण योग्य आहे, पण त्यात एक गोष्ट राहून गेली आहे आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथेच झाला असावा. पट्टी ८ मि.मी. जाड असेल, तर एक टक्क्याने ती जाडीत फक्त ०.०८ मि.मी. वाढते. खाचेच्या दोन्ही तोंडांवरच्या पट्ट्या धरल्या तरी वाढ ०.१६ मि.मी. होते. मे महिन्यात कागदसुद्धा न शिरण्याएवढी फट ठेवली असल्यामुळे एवढीही वाढ अडचणीची ठरेल हे मान्य, परंतु मास्ट दर वेळी ठरावीक जागी थबकतो म्हणजे पट्टी तिथे फुगलेली असण्याची शक्यता अधिक आहे.

पट्टी २५० मि.मी. लांब असून तिच्या दोन टोकांच्या स्क्रूंमध्ये २०० मि.मी. अंतर आहे असे समजा. एक टक्का वाढ म्हणजे या अंतरात २ मि.मी. जादा लांबी. दोन्ही स्क्रूंची भोके नेमक्या मापाची गोल असतील, तर त्या लांबीला जायला वाट नाही, आणि पट्टी मधोमध खाचेबाहेर येते. कमानीचे गणित मोठे फसवे आहे. २०० मि.मी. अंतरात ०.१ मि.मी. एवढी जादा लांबी कोंडली आणि ती सगळी कमानीत गेली, तर मधली उंची जवळजवळ पावणेतीन मि.मी. भरते. ८ मि.मी. जाडीची पट्टी ताठ असते आणि यातील बराच भाग ती स्वतः दाबून घेते, म्हणून प्रत्यक्षात एवढा फुगवटा दिसत नाही. तरीही २ मि.मी. तिला पचवता येत नाहीत, आणि अर्धा मि.मी. फुगवटासुद्धा आपल्या फटीत मावणारा नव्हता. एखादी स्टीलची पट्टी उभी धरून फुगलेल्या पट्टीवर टेकवा आणि मागून टॉर्च मारा. टोकांपाशी उजेड दिसला आणि मध्यावर दिसला नाही, की समजा.

म्हणून पदार्थ कोणताही घेतलात, तरी पट्टीला एकच भोक गोल ठेवावे आणि बाकीची भोके लांबीच्या दिशेने लांबट करावीत, म्हणजे पट्टी एका जागी धरलेली राहते आणि बाकी भाग आपापल्या जागी सरकू शकतो. यूएचएमडब्ल्यू ओल पीत नाही खरे, पण उष्णतेने ते ॲल्युमिनियमच्या सातपटीहून अधिक वाढते. २५० मि.मी. पट्टीला २५ अंशांच्या फरकाने जवळजवळ १ मि.मी. लांबी जादा लागते. टोकाला तेवढी जागा सोडा.

काउंटरसंक स्क्रूबद्दलही सांगतो. असा स्क्रू प्लास्टिकमध्ये जोरात आवळला की त्याचे शंकूसारखे डोके पाचरीचे काम करते आणि भोकाभोवती पट्टी अंगठीसारखी वर येते. हाताला कळत नाही, पण फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, तिथे अडकते. शक्य असेल तर सपाट डोक्याचा स्क्रू आणि त्यासाठी सपाट बुडाचा खड्डा करावा. डोके पट्टीच्या पृष्ठभागापासून निदान अडीच-तीन मि.मी. खाली बसले पाहिजे. पट्टी झिजून डोके वर दिसू लागले, तर तो स्क्रू ॲल्युमिनियमवर तासणीसारखा चालतो.

चाकणच्या फिटर साहेबांच्या एका मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. नायलॉन म्हटले की ते टाकाऊच, असे नाही. नायलॉनला आधी गरम पाण्यात ठेवून ओल पाजायची, मग शेवटचा हात फिरवून माप आणायचे, ही आमच्याकडे रुळलेली पद्धत आहे, आणि बुशांसाठी, म्हणजे दांड्याभोवतीच्या गोल नळकांड्यांसाठी, ती उत्तम चालते. ताठपणात नायलॉन यूएचएमडब्ल्यूच्या बरेच वरचे आहे. यूएचएमडब्ल्यू दाबाखाली हळूहळू बसते, त्याच्यावर नेमके माप आणणेही कटकटीचे असते, कारण एका बाजूने मिलिंग केले की पट्टी केळीसारखी वाकते. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे-थोडे काढावे लागते.

जुना_फिटर_चाकण

बुशांच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य आहे. पण ओल पाजलेले नायलॉन मार्च-एप्रिलमध्ये ओल सोडते आणि पुन्हा आकसते, त्यामुळे कोकणातील मास्टमध्ये वर्षभर एकच फट राहणार नाही. राहता राहिला दाबाचा प्रश्न, तर तो मोजूनच पाहू. माणूस, हत्यारे आणि मंच मिळून १६० किलो धरले आणि हा भार मास्टपासून ४५ सें.मी. पुढे आहे असे मानले, तर ७२ किलोग्रॅम-मीटर एवढे वळण मास्टवर येते. ते ४०० मि.मी. अंतरावरच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांनी पेलायचे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी १८० किलोचा रेटा. ४० मि.मी. रुंद पट्टीचा १०० मि.मी. भाग जरी नीट टेकला, तरी दर चौरस सेंटीमीटरला साडेचार किलो पडतात, आणि यूएचएमडब्ल्यूच्या दृष्टीने हे किरकोळ आहे.

मात्र टप्पा कलला आणि पट्टीची फक्त ५ मि.मी. कड टेकली, तर तोच रेटा दर चौरस सेंटीमीटरला ९० किलोवर जातो. पट्ट्या मधून न झिजता टोकांना आधी का झिजतात, याचे उत्तर यात आहे. म्हणून ज्या कडेवर पुढचा टप्पा चढतो ती कड दोन-तीन मि.मी. तिरपी करून गुळगुळीत करावी. माझ्या मते इथे यूएचएमडब्ल्यूच घ्यावे, आणि जुनी पट्टी त्याचीच निघाली तर वादाला जागाच उरत नाही.

जुन्या पट्ट्या फेकल्या नसतील अशी आशा आहे. कोणती पट्टी कोणत्या टप्प्यातील, डावी की उजवी, वरची की खालची, हे आठवून प्रत्येकीवर मार्करने लिहा आणि तिची जाडी तीन ठिकाणी मोजा. झिजेचा नकाशा हातात आला की यंत्रावर भार कसा पडत होता ते आपोआप कळते. न झिजलेल्या कोपऱ्यात मूळ जाडीही सापडेल, आणि मूळ फट किती होती तेही त्यावरून काढता येईल. पुस्तिका नसेल तेव्हा एवढाच विश्वासू आधार असतो.

सुरक्षा_पाहणी

या चर्चेत एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. हे माणूस उचलणारे यंत्र आहे, त्यामुळे पट्टीचा पदार्थ किंवा जाडी बदलण्यापूर्वी निर्मात्याला लेखी विचारावे. मॉडेल बंद झाले तरी रेखाचित्रे त्यांच्याकडे असतात आणि पदार्थाचे नाव कळवायला बहुधा हरकत घेतली जात नाही. मी ज्या कारखान्यात होतो तिथे १९४८ च्या कारखाना कायद्याखाली तपासणी होत असे. त्या कायद्याच्या २९व्या कलमाखालील उचल-यंत्रांची तपासणी वर्षातून एकदा, तर २८व्या कलमाखालील लिफ्टची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून करावी लागे. मार्गदर्शकांमधून सरकणारा मंच असेल तर यंत्र २८व्या कलमात बसते, असा अर्थ आमचे तपासनीस काढत, आणि आम्ही अशा लिफ्टही सहा महिन्यांनीच दाखवत असू. नाट्यगृह हा कारखाना नव्हे, पण वरून पडणाऱ्या माणसाला कलमातील फरक कळत नाही. पट्ट्या बसवल्यावर पहिली चाचणी वाळूच्या पोत्यांवर करावी, माणसावर नव्हे, आणि त्यानंतर सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेऊनच लिफ्ट वापरात आणावी.

रंगमंच_देखभाल

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या पट्ट्या रंगाच्या रिकाम्या डब्यात पडून होत्या, म्हणून वाचल्या. काल बादलीचा प्रयोग केला. जुनी काळी पट्टी पाण्यावर तरंगली आणि ज्योतीजवळ नेल्यावर ओघळली नाही. नवी पांढरी पट्टी बुडाली, मिठाच्या पाण्यात मात्र हळूच वर आली. टॉर्च लावून पाहिले, तर तिसऱ्या टप्प्याच्या पट्टीवर दोन स्क्रूंच्या मध्ये अंधार होता. निर्मात्याला मेल केला, तेव्हा त्यांनी भाग मिळणार नाहीत असे कळवले, परंतु पदार्थ यूएचएमडब्ल्यू असल्याचे आणि तोच वापरावा असे लेखी दिले.

मास्ट आडवा करून टप्पे वेगळे काढले आहेत. चौथ्या टप्प्याच्या ॲल्युमिनियमवर मात्र लांबच लांब पांढरट चरे आहेत, नख अडकते. ते तसेच ठेवून नवी पट्टी बसवावी का? आणि ग्रीसबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही.

जुना_फिटर_चाकण

नख अडकते म्हणजे ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला कडक संरक्षक थर तिथे फाटला आहे. हा थर म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, तोच पदार्थ ज्यापासून बऱ्याच पॉलिश पेपरचे दाणे बनतात. त्याचे कण निघून पट्टीत रुतले की पट्टी स्वतःच पॉलिश पेपर होते आणि समोरचा टप्पा तासत राहते. जुनी पट्टी उजेडात तिरपी धरा, तिच्यात रुपेरी ठिपके चमकताना दिसतील. चऱ्याच्या कडा वर आलेल्या असतात, तेवढ्याच ४०० नंबरच्या पेपरने, पाणी घेऊन, लांबीच्या दिशेने बसवा. संपूर्ण चरा काढण्याच्या नादात भोवतालचा चांगला थर घासू नका. खोल राहिलेला चरा तसा त्रास देत नाही, त्रास देते ती उभी कड. त्यानंतर स्पिरिटने पुसून, खाचांचे कोपरे ब्रशने साफ करून मगच पट्टी बसवा. चरा पट्टीच्या स्क्रूमुळे पडला असेल, तर तो स्क्रूच्या रेषेतच सापडेल.

ग्रीस लावू नये. रंगमंचावर सुताराचा भुसा, पडद्यांचे तंतू आणि रंगाची धूळ सतत उडत असते, आणि ग्रीसने ती सगळी खाचेत गोळा होते. यूएचएमडब्ल्यूला तशीही वंगणाची गरज जवळपास नसते, फार तर टेफ्लॉनचा कोरडा फवारा पुरे. साखळीला मात्र तेल हवे, पण तेही फडक्याने आणि बेताने, कारण साखळीवरचे ओघळ थेट पट्टीवर येतात. टप्पे सुटे झालेच आहेत, तर साखळ्या मोजून घ्या. फोर्कलिफ्टच्या साखळीला आम्ही ३ टक्के लांबल्यावर बाद करतो. आपल्या यंत्राचा आकडा निर्मात्याकडून मागवा. वीतभर झटका सोसलेली साखळी कडी-कडी वाकवून पाहिल्याशिवाय परत चढवू नका.

शिम, म्हणजे पट्टीमागे ठेवायचे पातळ पत्रे, घालायच्या असतील तर स्टेनलेसच्या, एकच जाड शिम घ्यावी, चार पातळ एकावर एक रचू नयेत. डावीकडे जेवढी घातली तेवढीच उजवीकडे घालावी, नाहीतर टप्पा खाचेच्या एका बाजूला जाऊन बसेल आणि साखळी तिरपी ओढेल. प्रत्येक टप्पा बसवल्यावर साखळी न जोडता तो हाताने पूर्ण लांबी सरकवून पाहा. दोन हातांनी सहज सरकला पाहिजे आणि फीलर गेज खाचेच्या तिन्ही ठिकाणी, म्हणजे तळाला, मध्यात आणि तोंडाशी, सारखेच बसले पाहिजे. एका टोकाला सैल आणि मध्यात घट्ट लागले, तर दोष पट्टीचा नसून टप्पाच किंचित वाकलेला आहे असे समजा, आणि तिथे पट्टी घासून वेळ मारून नेऊ नका. आमच्याकडे अशा मास्टला एकूण ०.३ ते ०.५ मि.मी. ठेवत होतो, पण आपल्या जुन्या पट्ट्यांवरून जो आकडा निघेल तोच धरा.

प्लास्टिक_टर्नर

यूएचएमडब्ल्यूच्या पट्ट्या कापून आल्यावर लगेच माप घेऊ नका. दोन दिवस सपाट लादीवर ठेवा, मग मोजा. कापताना गरम झालेली पट्टी थंड झाल्यावर वेगळेच माप दाखवते. स्क्रू सैल पडू नयेत म्हणून त्यांना मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉक लावा, पण त्याचा थेंब प्लास्टिकवर सांडू देऊ नका.

रंगमंच_देखभाल

काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो. नव्या पट्ट्यांना एक भोक गोल आणि बाकीची लांबट ठेवली, दोन दिवस ग्रीन रूममधील लादीवर ठेवून मग मोजल्या. जुन्या पट्ट्यांवरून मूळ फट ०.४ मि.मी. निघाली, तीच ठेवली. एक साखळी निर्मात्याच्या मर्यादेपलीकडे लांबली होती, ती जोडीने बदलली. वाळूच्या पोत्यांसह वीस वेळा मास्ट वर-खाली केला, कुठेही थबकला नाही. पूर्ण उंचीवर रेलिंगला ओळंबा लटकवून बाजूला ढकलले, तर ओळंबा १४ मि.मी. सरकला, आणि आपल्या हिशेबाने ०.४ ला नेमके तेवढेच यायला हवे होते. तपासणीसाठी सक्षम व्यक्ती पुढील आठवड्यात येणार आहे, तोवर किल्ली खणातच आहे.

झिजेचा नकाशाही काढला. ८ मि.मी. च्या जुन्या पट्ट्या उजवीकडे बहुतेक ७.६ ते ७.७ होत्या, पण डावीकडच्या सर्व टप्प्यांतील पट्ट्या ७.२ च्या खाली आणि चौथ्या टप्प्यातील डावी तर ६.९ होती. असे का, हे दोन दिवस कळेना. शेवटी वायरमनला मंचावर उभे केले, लिफ्ट जमिनीवरच ठेवून, आणि नेहमी काम करतो तसे सगळे सामान घ्यायला सांगितले. त्याने केबलचे भेंडोळे आणि दोन दिवे रेलिंगच्या डाव्या बाजूला वळवलेल्या सळईच्या आकड्याला अडकवले. हा आकडा सहा वर्षांपूर्वी त्यानेच वेल्डिंग करून लावला होता, आणि मी तो रोज पाहत होतो. सामान काट्यावर चढवले, तर एकवीस किलो भरले. आकडा काल करवतीने कापून टाकला आहे.